विक्रेत्यांना आत येण्यास मनाई आहे

शहरातल्या कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या फाटकावर एक पाटी हमखास असते : ‘विक्रेत्यांना आत येण्यास सक्त मनाई आहे.’ तिच्या शेजारी कुठे ‘फाटकासमोर वाहन लावू नये’ असते, कुठे ‘कुत्र्यापासून सावध’. पण विक्रेत्यांची पाटी सहसा चुकत नाही. पाटीखाली खुर्ची, खुर्चीवर रखवालदार आणि त्याच्यापुढे दोरीला बांधलेले पेन व वही. नाव काय, कोणाकडे जायचे, किती वाजता आलात, सही करा. कुरिअरवाला असो, गॅसवाला असो की गावाहून आलेला सख्खा भाचा असो, वहीतून कोणाची सुटका नाही. एवढा बंदोबस्त ओलांडून आपण आपल्या मजल्यावर येतो, दार लावून घेतो, पंखा सुरू करतो आणि हातातला फोन उघडतो. त्या क्षणी जे विक्रेते घरात शिरतात, त्यांची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही. उलट तेच स्वतःची वही घेऊन आलेले असतात आणि आपली नोंद करून जातात.

गेली तीन वर्षे माझ्या घरात राउटरशेजारी पत्त्यांच्या जोडाएवढा एक संगणक आहे. घरातल्या सर्व यंत्रांवर येणाऱ्या बऱ्याचशा जाहिराती आणि पाळत ठेवणारे बरेचसे हस्तक तो दारातूनच परत पाठवतो. हा लेख त्याच्याविषयी आहे. मात्र ‘बसवा आणि सुखी व्हा’ एवढेच सांगायचे असते, तर रविवारची एवढी जागा अडवण्याचे कारण नव्हते. अशी वस्तू घरात आली की काही प्रश्न उभे राहतात आणि त्यातले अवघड प्रश्न तंत्राचे नसतात, घराचे असतात.

जाहिरात शत्रू नव्हती

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. मी जाहिरातीचा द्वेष्टा नाही. 1967 साली विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या प्रथम मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर. दूरदर्शनवर त्या आल्या 1976 मध्ये. आमच्या पिढीला शाळेतल्या कवितांइतक्याच त्या जाहिरातींच्या चाली पाठ आहेत. निरमाच्या पुडीवरची गिरकी घेणारी मुलगी आमच्या घरातलीच होती. विको वज्रदंतीचे नाव ऐकताच ज्यांच्या कानात काही वाजत नाही, त्यांचे बालपण महाराष्ट्रात गेले नसावे. आणि वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती! कोणते नाटक कुठे, कोणत्या वेळी, ‘हाऊसफुल्ल’ची पाटी कोणाची, हे सारे अग्रलेखाच्या आधी वाचणारी घरे मी पाहिली आहेत. जागा भाड्याने देणे आहे, वधू पाहिजे, शिकवणी, निधन, श्रद्धांजली या छोट्या जाहिरातींत तर अख्ख्या गावाचा संसार उलगडलेला असे.

त्या जाहिरातींचा एक मोठा गुण होता. आपण त्यांच्याकडे पाहत होतो, त्या आपल्याकडे पाहत नव्हत्या. मी पान उलटले तर ते साबणाच्या कंपनीला कळत नसे. मी रेडिओ बंद केला, याची कोणी नोंद ठेवत नसे.

इंटरनेटवरही सुरुवात अशीच साधी होती. 27 ऑक्टोबर 1994 रोजी अमेरिकेतील ‘हॉटवायर्ड’ या मासिकाच्या संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची आडवी पट्टी झळकली आणि वेबवरील जाहिरातीच्या धंद्याची ती सुरुवात मानली जाते. पुढच्या काही वर्षांत ईथन झुकरमन या तरुणाने, तो ‘ट्रायपॉड’ या कंपनीत असताना, पानावर वेगळी खिडकी टपकन उघडणारी जाहिरात तयार केली. जाहिरातदाराचे नाव भलत्याच मजकुराच्या पानावर दिसू नये, एवढाच हेतू त्यामागे होता. 2014 मध्ये ‘द अटलांटिक’मध्ये त्याच झुकरमन यांनी लेख लिहून त्याबद्दल माफी मागितली. त्या लेखातला मुख्य मुद्दा खिडकीचा नव्हता. सगळे फुकट द्यायचे आणि त्या बदल्यात माणसावर नजर ठेवायची, या व्यवहाराला त्यांनी इंटरनेटचे मूळ पाप म्हटले होते.

आज आपण एखादे पान उघडतो तेव्हा ते पूर्ण दिसण्याआधीच पडद्यामागे एक लिलाव होऊन जातो. कोणत्या शहरातला माणूस, कोणता फोन, काल काय शोधले, कशावर किती वेळ थांबला, ही माहिती बोली लावणाऱ्यांपुढे ठेवली जाते आणि जास्त बोली लावणाऱ्याची जाहिरात आपल्यापुढे येते. सेकंदाच्या एका अंशात हे उरकते. जो लिलाव हरला, त्यालाही आपली माहिती दिसलेली असतेच.

हे फक्त फोनचे नाही. 2017 मध्ये अमेरिकेत व्हिझिओ या दूरचित्रवाणी संच बनवणाऱ्या कंपनीने 22 लाख डॉलर भरून एक खटला मिटवला. सुमारे 1 कोटी 10 लाख संचांवर लोक काय पाहतात, याची माहिती मालकांच्या संमतीविना गोळा केल्याचा आरोप तिच्यावर होता. दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेला संच आपल्याकडे पाहतो आहे, ही कल्पना पूर्वी विज्ञानकथेत शोभली असती.

आणि यात निव्वळ फसवणुकीचाही भाग आहे. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने जनतेसाठी एक सूचना काढली. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणाऱ्या जाहिराती विकत घेऊन भामटे नामांकित कंपन्यांच्या नावाने खोटी संकेतस्थळे चालवतात, तेव्हा शोध घेताना जाहिराती अडवणारे साधन वापरा, असा सल्ला त्यात होता. ‘जाहिराती अडवा’ हे पोलिसांनीच सांगावे, इथवर गोष्ट आली.

आमच्या घरी निमित्त झाले ते आईच्या टॅबचे. वय अठ्ठ्याहत्तर. सकाळी भजने ऐकायची, दुपारी वर्तमानपत्र वाचायचे, एवढाच तिचा त्या यंत्राशी संबंध. भजनांच्या एका फुकट अ‍ॅपमध्ये (त्याचे नाव न घेतलेले बरे) अभंग संपला की लाल अक्षरांत सूचना येई : ‘तुमच्या यंत्रात विषाणू शिरला आहे, ताबडतोब येथे दाबा.’ आई घाबरून टॅब उशीखाली ठेवून द्यायची. विषाणू बाहेर येऊ नये म्हणून! हसू येते, पण त्या भीतीवर कोणीतरी पैसे मिळवत होते, हे लक्षात आले की हसू ओसरते.

पोस्टकार्ड, पाकीट आणि पत्ता

आता ही व्यवस्था चालते कशी ते पाहू. ‘प्रॉक्सी’ हा शब्द आपल्याला महाविद्यालयातच भेटलेला असतो. मित्र सिनेमाला गेला की त्याच्या नावापुढे ‘हजर’ म्हणायचे, ती प्रॉक्सी. संगणकाच्या जगातही अर्थ तोच. आपल्या वतीने बाहेर जाणारा आणि आपल्यासाठी सामान घेऊन येणारा मध्यस्थ. नव्वदच्या दशकात अशा मध्यस्थाकडून जाहिराती गाळून घ्यायची युक्ती निघाली. त्या काळी ‘इंटरनेट जंकबस्टर’ नावाची एक आज्ञावली होती आणि तिच्यातूनच 2001 च्या सुमारास ‘प्रिव्हॉक्सी’ उभी राहिली. मध्यस्थ पान आणायचा, उघडून पाहायचा, जाहिरातीचा भाग कापायचा आणि उरलेले आपल्या हाती द्यायचा. इंटरनेटवरची बहुतेक ये-जा तेव्हा पोस्टकार्डासारखी उघडी होती, म्हणून ते जमत होते.

आज जवळपास सारी ये-जा बंद पाकिटातून होते. पत्त्याच्या पट्टीत कुलपाचे चिन्ह दिसत असे, त्याचा अर्थ तोच. घरातल्या मध्यस्थाला आतला मजकूर वाचायचा असेल तर प्रत्येक यंत्रावर त्याचे स्वतःचे प्रमाणपत्र बसवून त्याला पाकिटे फोडण्याचा अधिकार द्यावा लागतो. मग तो बँकेचेही पाकीट फोडू शकतो. घरासाठी हा मार्ग मी कोणालाच सुचवणार नाही.

म्हणून आता घरगुती वापरात दुसरी युक्ती रूढ झाली आहे. ती पाकीट फोडत नाही, पत्ता पाहते. इंटरनेटवर आपण नावे वापरतो, यंत्रे मात्र आकडे वापरतात. नावाचा आकडा सांगणारी व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये आखली आणि तिला डीएनएस म्हणतात. फोनच्या डिरेक्टरीसारखीच ती आहे. एखादे बातमीचे पान उघडले की आपला फोन आधी त्या वर्तमानपत्राचा आकडा विचारतो आणि मग पानावरच्या जाहिरातवाल्यांचे, मोजदाद करणाऱ्यांचे, माग काढणाऱ्यांचे असे कित्येक आकडे विचारतो. घरातला छोटा संगणक या डिरेक्टरीच्या खिडकीवर बसतो. वर्तमानपत्राचा आकडा विचारला की खरा सांगतो. माग काढणाऱ्याचा विचारला की ‘शून्य शून्य शून्य शून्य’ असे उत्तर देतो. आकडाच नाही म्हटल्यावर तो पाहुणा घरी येणार कसा?

या कामासाठी ‘पाय-होल’ ही आज्ञावली सर्वांत प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या जेकब साल्मेला यांनी 2014 मध्ये ती सुरू केली आणि आज ती स्वयंसेवकांच्या बळावर चालते. ‘अ‍ॅडगार्ड होम’ हा दुसरा पर्याय. दोन्ही विनामूल्य आहेत. कोणाची नावे अडवायची याच्या याद्याही स्वयंसेवकच ठेवतात आणि त्या आपोआप ताज्या होत राहतात. आज्ञावली बसवण्यासाठी 2012 मध्ये इंग्लंडमध्ये निघालेला ‘रास्पबेरी पाय’ हा चिमुकला संगणक लोक घेतात. त्याचा सर्वांत लहान प्रकार पुरतो आणि त्याला जुन्या झिरोच्या दिव्यापेक्षाही कमी वीज लागते. माळ्यावर टाकलेला जुना लॅपटॉपही चालतो.

बसवताना चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, या संगणकाला घरात कायमचा एक आकडा द्यावा. तो रोज बदलत राहिला तर बाकीची यंत्रे त्याला शोधणार कुठे? दुसरी, राउटर प्रत्येक नव्या यंत्राला ‘पत्ते अमक्याकडे विचार’ असे सांगत असतो. तिथे या संगणकाचा आकडा लिहावा. काही कंपन्यांनी दिलेल्या राउटरमध्ये ही सोय बंद केलेली असते. तेव्हा राउटरचे आकडेवाटपाचे कामच बंद करून तेही या संगणकाकडे सोपवता येते. तिसरी, राउटरमध्ये दुसरा आकडा लिहायला रिकामी जागा असते, तिथे ‘असू द्या अडीअडचणीला’ म्हणून बाहेरची डिरेक्टरी लिहू नये. यंत्रे दोघांनाही विचारू लागतात आणि पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवल्यासारखे होते. चौथी, हा संगणक आणि राउटर एकाच इन्व्हर्टरवर ठेवावेत. संगणकाची वीज गेली तर इंटरनेट चालू असूनही घरात ‘नेट गेले’ अशी हाकाटी होते, कारण पत्ता सांगायला कोणीच नसते.

त्याच्या मर्यादाही जाणून असाव्यात. यूट्यूबच्या मधल्या जाहिराती तो अडवू शकत नाही, कारण त्या व्हिडिओ येतो त्याच दारातून येतात. फेसबुक, इन्स्टाग्रामच्या आतल्या जाहिरातींचेही तसेच. फोन घराबाहेर मोबाइलच्या डेटावर गेला की त्याचा अंमल संपतो. काही टीव्ही आणि ब्राउझर घरच्या डिरेक्टरीला न विचारता परस्पर बाहेर विचारतात. आणि कधी कधी तो नको तेही अडवतो. शोधयंत्रात सगळ्यात वर येणारे दुवे बरेचदा जाहिरातीच असतात. ते दाबले की पान कोरे. पहिल्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरातून रोज हाक येई, “अहो, हे उघडत नाहीये!” एकदा तर सौभाग्यवतींनी सरळ सवाल केला, “मला साडीचे सेल कळायला नकोत का?” प्रश्न रास्त होता. त्या दुकानाचे नाव सोडून द्यायच्या यादीत घातले. अशी यादी ठेवता येते, हा या साधनाचा मोठाच गुण.

वही कोणी वाचायची?

आता त्या अवघड प्रश्नाकडे येतो. पत्ते सांगणाऱ्या खिडकीवर जो बसतो, त्याला कोण काय विचारते हे कळतेच. पाय-होलच्या पडद्यावर प्रत्येक विचारणा दिसू शकते : कोणत्या यंत्राने, किती वाजता, कोणते नाव विचारले. पहिल्यांदा पाहताना गंमत वाटते. सगळे झोपलेले असताना टीव्ही कोणाशी बोलत असतो ते दिसते. पण त्याच यादीत मुलीचा फोन असतो, बायकोचा असतो, आईचा टॅब असतो.

संगणक सुरू करण्याआधी मी घरात सगळ्यांना बसवून हे समजावून सांगत होतो, तेव्हा महाविद्यालयात जाणाऱ्या आमच्या मुलीने विचारले, “बाबा, आजीच्या टॅबचं ठीक आहे. पण मी रात्री काय बघते, ते तुम्हाला दिसणार का?”

मी म्हणालो, “फक्त संकेतस्थळाचं नाव दिसेल. आत काय वाचलंस ते नाही. म्हणजे कोणत्या डॉक्टरकडे गेलीस ते दिसेल, काय दुखतंय ते नाही.”

ती म्हणाली, “डॉक्टरच्या पाटीवरूनच कळतं ना बाबा, काय दुखतंय ते.”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही. एखाद्या मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी शोधायची असते आणि घरी सांगण्याची वेळ अजून आलेली नसते. वयात येणाऱ्या मुलाला शरीराविषयी एखादी गोष्ट विचारायची असते आणि ती बापाला विचारवत नाही. आईच्या मनात एखाद्या दुखण्याची शंका असते आणि मुलाला उगाच काळजी नको म्हणून ती स्वतःच वाचून पाहते. संकेतस्थळाच्या नुसत्या नावावरून यातले पुष्कळ कळते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, ज्या घरात बाईला धाकात राहावे लागते, तिथे 181 या महिला मदतवाहिनीची किंवा एखाद्या वकिलाची माहिती शोधण्याची तिची धडपड याच वहीत उमटणार. कंपन्यांची नजर घरातून हटवायला आणलेले यंत्र घरातल्याच एका माणसाच्या हाती सगळ्यांची नाडी देते आणि तो माणूस बहुतेक वेळा ज्याला तंत्रातले कळते तो, म्हणजे घरातला पुरुषच असतो. एकत्र कुटुंबात तिजोरीच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला, यावरून महाभारते घडली आहेत. ही किल्ली तिजोरीच्या किल्लीहून मोठी आहे.

कोणी म्हणेल, मुले लहान आहेत, बापाने लक्ष ठेवायला नको का? जरूर ठेवावे. आमचा मुलगा सातवीत आहे. जुगाराची आणि तसल्या इतर संकेतस्थळांची यादी मी अडवली आहे आणि तसे त्याला समोर बसवून सांगितले आहे. दार लावणे हे बापाचे कामच आहे. दाराच्या फटीला डोळा लावून बसणे हे वेगळे काम आहे आणि त्यातून मूल एकच गोष्ट शिकते, ती म्हणजे दुसरे दार कसे शोधायचे. मित्राच्या फोनवर ते पाच मिनिटांत सापडते.

या यंत्रात सोय आहे. वही पूर्ण उघडी ठेवता येते, नावे झाकता येतात, नावे व यंत्रे दोन्ही झाकता येतात, किंवा कोणाचीही ओळख न ठेवता नुसती गोळाबेरीज राखता येते. घरच्या सभेत शेवटचा प्रकार ठरला. अडचण आली की पाच मिनिटे सगळे अडवणे थांबवणारे एक बटनही त्यात आहे. त्याचा परवलीचा शब्द आम्ही दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवला आहे. तो सगळ्यांना माहीत आहे. बटन दाबायला माझी परवानगी लागत नाही.

इथे एक शंका रास्त आहे. एवढी खटपट करण्यापेक्षा फोनमध्येच जाहिराती अडवणाऱ्या एखाद्या बाहेरच्या डिरेक्टरीचे नाव घातले तर? तीही सोय आहे, आणि ज्यांना संगणकाशी झटापट नको त्यांना ती सोपी आहे. मात्र मग वही त्या परक्या कंपनीकडे जाते. तसे पाहिले तर काहीच केले नाही तरी ती साधारणपणे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपाशी असतेच. ती कोणाच्या हाती असावी आणि त्याने किती लिहावे, एवढेच आपण ठरवू शकतो.

फुकटाचा भार कोणावर?

दुसरा प्रश्न पैशाचा. तो मी टाळला तर अप्रामाणिकपणा होईल, कारण हा लेख ज्या पानावर छापला आहे, ते पानही जाहिरातींवर उभे आहे. आपल्याकडे वर्तमानपत्राच्या अंकाची किंमत त्याच्या उत्पादनखर्चापेक्षा कमी असते. उरलेला खर्च जाहिरातदार उचलतो. म्हणूनच चहाच्या किमतीत चार माणसांना वाचायला पुरेल एवढा कागद सकाळी दारात पडतो. बातमीदाराचा पगार, जिल्ह्याच्या गावी ठेवलेला प्रतिनिधी, न्यायालयात दिवसभर बसणारा माणूस, यांचा खर्च कोठून तरी यायलाच हवा. जाहिरात अडवून बातमी वाचणे म्हणजे नाटकाच्या प्रयोगाला विंगेतून शिरण्यासारखे आहे, असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे नाही.

जर्मनीत हा वाद सर्वोच्च पातळीवर गेला. ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’ या आज्ञावलीच्या मागे असलेल्या आयओ या कंपनीला ‘आक्सेल श्प्रिंगर’ या बड्या प्रकाशनसंस्थेने न्यायालयात खेचले. 2018 मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने निकाल दिला की, जाहिरात अडवणारे साधन पुरवणे ही अनुचित स्पर्धा होत नाही. वापरायचे की नाही, हे वाचकाच्या हाती आहे. कायद्याचा प्रश्न तिथे सुटला. माणुसकीचा प्रश्न आपल्याकडे राहतो.

माझे उत्तर साधे आहे. मला जाहिरातीची अडचण नाही, तिच्या हेरगिरीची आहे. जे संकेतस्थळ स्वतःच्या पानावर, स्वतःच्या जागेत, छापील पानासारखी स्थिर जाहिरात लावते, तिला माझा संगणक सहसा अडवत नाही, कारण ती त्याच घरातून येते. अडतात ते मधले दलाल. आणि जे मी रोज वाचतो, त्याचे पैसे मी भरतो. घरात एका वर्तमानपत्राची डिजिटल वर्गणी आहे, एका मासिकाची आहे आणि आईच्या भजनांच्या अ‍ॅपचीही आहे. भजनांची वर्गणी भरल्यावर तो लाल अक्षरांतला विषाणूही आपोआप बरा झाला, हे मुद्दाम नमूद करतो! जाहिराती अडवणाऱ्या प्रत्येक घराने वर्षाला दोन वर्गण्या भरल्या तर हिशेब पुरता चुकता होईल असे नाही. निदान आपण विंगेतून शिरलो, असे वाटणार नाही.

ज्यांच्याकडे राउटर नाही

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा. वर सांगितलेले सारे काही ज्यांच्या घरात ब्रॉडबँड आहे, राउटर आहे आणि तो उघडून पाहण्याइतका वेळ व माहिती असलेला एखादा माणूस आहे, त्यांच्यासाठी आहे. आपल्या देशातली बहुसंख्य माणसे इंटरनेट वापरतात ती फोनच्या डेटावर. शेतात भाव पाहणारा शेतकरी, दोन घरांच्या कामांमध्ये जिन्यात बसून व्हिडिओ पाहणारी मावशी, एकाच फोनवर आळीपाळीने अभ्यास करणारी भावंडे, यांच्या दारात बसायला कोणताच छोटा संगणक नाही. भामट्यांच्या जाहिराती त्यांनाच जास्त गाठतात आणि जाहिरातींपायी वाया गेलेल्या डेटाचा भुर्दंडही त्यांनाच जास्त जाणवतो.

तिथे कायद्यालाच उभे राहावे लागते. आपल्याकडे काही पावले पडली आहेत. ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि ग्राहकाला चकवणारे 13 प्रकार नावानिशी सांगितले. त्यात बातमीच्या किंवा मजकुराच्या वेषात आलेली जाहिरातही आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती सोडणे यांना मनाई केली. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. कायदा कागदावर चांगला आहे. त्याची अंमलबजावणी होते की नाही, हे पाहण्यासाठी तक्रार करणारी माणसे लागतात, आणि तक्रार करायला वेळ व अक्षरओळख असलेली माणसे म्हणजे आपणच. ज्याने आपल्या घरापुरता बंदोबस्त केला, त्याचा कल ‘माझे तर भागले’ म्हणण्याकडे असतो. फाटकाच्या आतले लोक रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल जितके बोलतात, तितकेच यावरही बोलतील, अशी भीती वाटते. म्हणून माझी विनंती एवढीच की, आपल्या यंत्राने अडवलेली फसवी जाहिरात दुसऱ्या कुणाच्या फोनवर दिसली, तर निदान ती कुठे कळवायची ते त्याला दाखवावे. ग्राहकांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 आणि पैशाच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930, हे दोन क्रमांक कामवाल्या मावशींच्या आणि रखवालदाराच्या फोनमध्ये घालून द्यायला दोन मिनिटे लागतात.

आणि घरी हे साधन बसवणार असाल, तर रात्री एकट्याने बसवू नका. एखाद्या रविवारी सकाळी, पोहे झाल्यावर, सगळे घरात असताना बसवा. काय अडवायचे, काय सोडायचे, कोणाची वर्गणी भरायची आणि वही लिहायची की नाही, हे हात वर करून ठरवा. धाकट्याचाही हात मोजा.